विद्यापीठाचं बास्केटबॉल अरीना बांधायचं ते कोणासाठी?

मध्यरेषा (धागाकर्ता):

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी गेल्या चाळीसेक वर्षांत बांधलेली बास्केटबॉल अरीना पाहून मला राग येतो. खेळ विद्यार्थ्यांचा, आवारही त्यांचंच, आणि इमारत मात्र देणगीदारांच्या सोयीने आखलेली.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शेजारशेजारच्या दोन वास्तू पाहा. ड्यूक विद्यापीठाचं कॅमेरून इनडोअर स्टेडियम १९४० चं, क्षमता ९,३१४. कोर्टाच्या लांब बाजूला अगदी रेषेला खेटून विद्यार्थी उभे असतात. चेंडू आत फेकणाऱ्या पाहुण्या खेळाडूच्या पाठीला त्यांचे हात जवळजवळ लागतात. (या विद्यापीठाच्या आवारातल्या बहुतेक जुन्या इमारतींप्रमाणे हिचाही आराखडा कृष्णवर्णीय वास्तुकार ज्युलियन एबल यांच्या हातचा. त्या काळी तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता, हे विसरू नये.) तिथून दहा-बारा मैलांवर चॅपल हिलमध्ये १९८६ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं डीन स्मिथ सेंटर उघडलं. एकवीस हजारांवर खुर्च्या आणि पैसा खासगी देणग्यांचा. मोठी देणगी देणाऱ्यांना खालच्या भागातल्या जागांचा हक्क मिळाला आणि बरेचसे विद्यार्थी वर गेले. इतक्या नामवंत संघाच्या घरात शांतता फार, अशी टीका पुढे वर्षानुवर्षं होत राहिली. अखेर बास्केटमागे विद्यार्थ्यांसाठी जागा करावी लागली.

माझं म्हणणं एवढंच: दहा हजारांच्या आत, एकसंध उतरती गॅलरी, मध्ये आलिशान कक्षांचा (बड्या पाहुण्यांसाठीच्या खासगी खोल्यांचा) पट्टा नको, आणि कोर्टालगतच्या लांब बाजू विद्यार्थ्यांना. आधी हे ठरवा, मग वास्तुकार बोलवा.

हिशेबनीस:

साफ असहमत. पुरुष आणि महिला संघांचे मिळून घरच्या मैदानावर वर्षाला तीस-पस्तीस सामने होतात. उरलेले तीनशेहून अधिक दिवस त्या इमारतीने काय करायचं? देखभाल, विमा, वातानुकूलन हे खर्च थांबत नाहीत. देणगीदार नको आणि मैफली नको म्हणालात, तर बोजा पडतो विद्यार्थ्यांच्या शुल्कावर. सामन्याला कधीही न जाणारी मुलंसुद्धा ते शुल्क भरतात. हे तुम्हाला न्याय्य वाटतं?

टेक्सास विद्यापीठाने ऑस्टिनमध्ये वेगळी वाट काढली. २०२२ साली उघडलेलं मूडी सेंटर एका खासगी कंपनीने पैसा उभारून बांधलं आणि तीच ते चालवते. नावामागे मूडी फाउंडेशनची १३ कोटी डॉलरची देणगी आहे. मैफलीला पंधरा हजारांवर लोक बसतात, आणि बास्केटबॉलच्या वेळी वरचा मजला झाकून क्षमता दहा हजारांच्या आसपास आणतात. म्हणजे तुम्हाला हवी ती लहान जागाही मिळाली आणि विद्यापीठाच्या डोक्यावर कर्जही नाही.

तुळई:

दोघंही खुर्च्या आणि पैसा यांवर बोलताय. मी छताबद्दल बोलते, कारण अशा इमारतीत सगळ्यात अवघड प्रश्न तोच असतो.

कोर्ट फक्त ९४ फूट बाय ५० फूट. पण भोवती दहा-पंधरा हजार माणसं बसवायची आणि एकाच्याही नजरेआड खांब येऊ द्यायचा नाही, म्हटलं की छताचा गाळा, म्हणजे मधे आधार नसलेलं अंतर, तीन-चारशे फुटांवर जातो. मागच्या रांगेला पुढच्याच्या डोक्यावरून जवळची रेषा दिसावी, म्हणून प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा जास्त उचलावी लागते. म्हणजे रांगा वाढल्या की अंतराबरोबर चढही वाढतो. मध्ये कक्षांचा पट्टा घातला की वरचा सगळा मजला आणखी उंच जातो, छतही वर सरकतं, आणि आतली पोकळी वाढते. स्मिथ सेंटरमधली शांतता नुसती देणगीदारांच्या वयामुळे नाही. एवढ्या मोठ्या पोकळीत आवाज विरतो.

इलिनॉय विद्यापीठाने शॅम्पेनमध्ये १९६३ साली काय केलं ते पाहा. वास्तुकार मॅक्स अब्रामोविट्झ. सरळ ठेवलेल्या वाडग्यावर दुसरा वाडगा पालथा घालावा तशी काँक्रीटची रचना, ४०० फूट व्यासाचा घुमट, आत एकही खांब नाही. घुमट कडेला बाहेर फाकू पाहतो, म्हणून कडेभोवती ६१४ मैल पोलादी तार ताणून गुंडाळली आहे.

न्यू मेक्सिको विद्यापीठाने अल्बकर्कीत १९६६ साली उलटा क्रम धरला. आधी छत उभं केलं, मग त्याखाली खोदत गेले. कोर्ट रस्त्याच्या पातळीपासून ३७ फूट खाली. गॅलरी मातीच्या उतारावर टेकलेली, त्यामुळे उंच भिंती आणि त्यांचा खर्च दोन्ही वाचलं. लोक त्याला 'पिट' म्हणतात, आणि पाहुण्या संघांना तिथल्या आवाजाची धास्ती असते. चौदा हजारांवर माणसं बसवूनही आवाज टिकतो, मध्यरेषा. म्हणून दहा हजारांचा आकडा पाळण्यापेक्षा जमीन, छत आणि पोकळी यांचा विचार आधी करा.

मध्यरेषा:

@तुळई, पिट मलाही प्रिय आहे. तुमच्या मुद्द्याने माझंच म्हणणं पक्कं होतं: पोकळी वाढवणारा पट्टा काढा.

@हिशेबनीस, मैफलीचं गणित आवाजापाशी अडतं. मैफलीला ध्वनी शोषणारी छतं आणि भिंती लागतात, नाहीतर शब्द एकमेकांत मिसळतात. सामन्याला नेमका उलट, गर्दीचा आवाज कोर्टावर परतवणारा कठीण पृष्ठभाग हवा. दोन्हींसाठी बांधलेल्या वास्तूत तडजोड सहसा गर्दीच्या आवाजाची होते, कारण भाडं मैफल देते. शिवाय तारखा मैफलींना गेल्या की संघांच्या सरावासाठी वेगळं सभागृह बांधायचं. तो खर्च तुमच्या वहीत कुठे आहे?

उतार:

इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही. जुन्या वास्तूंचं हे कौतुक चाकाच्या खुर्चीत बसून करून दाखवा. अपंगांच्या हक्कांचा कायदा अमेरिकेत १९९० साली झाला. त्याआधीच्या लाकडी बाकांच्या गॅलऱ्या, अरुंद जिने, मोजकी स्वच्छतागृहं, यांत माझ्यासारखीला एकतर प्रवेश नव्हता किंवा एका कोपऱ्यात, सोबत्यांपासून दूर, जागा होती. आणि 'कोर्टालगत विद्यार्थी उभे' म्हणता, तेव्हा त्यांच्या मागे बसलेल्या माणसाला काय दिसतं? पुढचे उभे राहिले तरी चाकाच्या खुर्चीतून कोर्ट दिसेल एवढा ओटा उचलावा लागतो. तो आराखड्यातच असावा लागतो, नंतर जोडता येत नाही.

दुसरं, शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याआधी बांधलेल्या बहुतेक इमारती पुरुष संघ डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या. महिला संघाला बरोबरीचे कपडे बदलायचे कक्ष आणि सरावाच्या वेळा द्यायच्या, तर चौरस फूट वाढणारच.

मध्यरेषा:

@उतार, ओट्याची अट माझ्या यादीत पहिली असायला हवी, मान्य. पण जुनी वास्तू सुधारता येते. इंडियानापोलिसचं हिंकल फील्डहाउस १९२८ चं, बटलर विद्यापीठाचं. मुळात पंधरा हजारांसाठी बांधलेलं, आज सुमारे ९,१००. खुर्च्या कमी करून जागा मोकळी केली, उंच खिडक्यांतून येणारा उजेड तसाच ठेवला. मोठी विद्यापीठं खुर्च्या कमी करायला का घाबरतात?

हिशेबनीस:

कारण मागणी असते! कनेक्टिकट विद्यापीठाचं उदाहरण घ्या. आवारातलं गॅम्पल पॅव्हिलियन १९९० चं, दहा हजारांवर क्षमता. तरीही पुरुष आणि महिला दोन्ही संघ बरेच सामने हार्टफर्ड शहरातल्या मोठ्या अरीनात खेळतात. लहान बांधलं की मोठी गर्दी दुसऱ्याच्या दारात न्यावी लागते, आणि विद्यार्थ्यांना बसने जावं लागतं. हे तुम्हाला चालेल?

तुळई:

हार्टफर्डचं नाव काढलंत म्हणून सांगते. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे त्याच अरीनाचं छत बर्फाच्या भाराखाली कोसळलं. आदल्या संध्याकाळी तिथे कनेक्टिकटचाच सामना होता, सुमारे पाच हजार लोक होते. ते घरी गेल्यावर काही तासांत छत खाली आलं, म्हणून कोणी दगावलं नाही. इमारत जेमतेम तीन वर्षांची होती. छताच्या त्रिमितीय सांगाड्यातल्या दाब घेणाऱ्या दांड्यांना मधे पुरेसा आडवा आधार नव्हता. गणित संगणकावर केलं होतं, पण आधार आहे असं धरून. बांधताना छत अपेक्षेपेक्षा जास्त वाकलेलं दिसलं होतं, तरी काम पुढे रेटलं.

तेव्हा हिशेबनीस, तुमच्या वहीत एक रक्कम माझ्यासाठी राखून ठेवा. छताचा आराखडा दुसऱ्या, स्वतंत्र अभियंत्याकडून तपासून घ्यायची. कक्षांचे गालिचे कापा, ही कापू नका. उतारताई म्हणतात त्या ओट्यांचे चौरस फूटही त्याच पानावर लिहा, म्हणजे खुर्च्यांचा आकडा ठरवायला बसू तेव्हा दोन्ही आधीच मांडलेलं असेल.