समाज जास्त हिंसक झालाय, की आता दिसतंय एवढंच?

देवगडची_आई

परवा संध्याकाळी मुलाने मोबाईल माझ्यापुढे धरला. आमच्या एसटी स्टँडसमोर दोन पोरांची मारामारी. निमित्त काय, तर गाडी वळवताना आरसा घासला. एकाने हेल्मेट काढून दुसऱ्याच्या डोक्यात घातलं. तो खाली बसला तरी हा मारतोच आहे. मुलगा बारावीला आहे. "आई, हे रोजचंच," म्हणाला आणि जेवायला बसला. मला मात्र आमटीचा घास उतरेना.

आमच्या लहानपणी गावात भांडणं होती, पण असं डोकं फिरल्यासारखं कुणी मारत नसे. की मीच विसरलेय? समाज खरंच जास्त हिंसक होतोय का, आणि होत असेल तर कशामुळे?

खाडीपलीकडे

ताई, मोबाईल ठेवा बाजूला, निम्मी हिंसा तिथेच संपेल. पूर्वी चिपळूणला झालेला खून देवगडला चार दिवसांनी पेपरात कळायचा. आता बिहारातला चहाबरोबर येतो.

पाटीलकी

खाडीपलीकडे यांची गजाल अर्धी खरी आसा. उरलेल्या अर्ध्यासाठी थोडं लांबण लावतो.

मी एकोणीस वर्षं पोलीस पाटील आहे. माझ्याआधी वडील होते. त्यांची नोंदवही अजून माळ्यावर आहे, कसर लागलेली, पण वाचता येते.

आधी आकडा सांगतो, कारण भावनेवर गेलं की प्रत्येकाला आपलं बालपण गोडच वाटतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांप्रमाणे १९९२ साली देशात दर लाख लोकांमागे साडेचारच्या वर खून झाले. २०२२ साली हे प्रमाण २.१ होतं, एकूण २८,५२२ खून. म्हणजे निम्म्याहून कमी. त्या २८ हजारांत सगळ्यात मोठं कारण कुठलं? टोळ्या नाहीत, दरोडे नाहीत. साधे वाद, ९,९६२. ओळखीच्या माणसांचे, बांधाचे, पैशाचे. हे वाचून मला नवल वाटलं नाही. माझी वहीही तेच सांगते.

आता एक डोळ्यांनी बघितलेलं. मी आठवीत असेन. शेजारच्या दोन चुलतभावांत फणसावरून जुंपली. बुंधा एकाच्या हद्दीत, फांद्या गडग्यापलीकडे दुसऱ्याच्या. बोलता बोलता एकाने कमरेच्या आकडीतली कोयती उपसली. पलीकडच्या घरातली काकी खळ्यात तांदूळ पाखडत होती. ती सूप हातात तसंच घेऊन दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "आधी माका तोड, मगे तेका." कोयती परत आकडीत गेली. त्या वर्षी तो फणस कोणीच काढला नाही, झाडावरच कुजला. पुढे दोन महिने वास येत होता.

गेल्या मे महिन्यात त्याच गडग्यावर त्यांचे नातू भांडले. एक गावात राहणारा, एक चाकरमानी. सातबाऱ्यावर सत्तावीस नावं, जमिनीला दलाल भाव सांगून गेलेला, मोजणीची तारीख लागलेली. एकाने चिऱ्याचा तुकडा उचलून दुसऱ्याच्या डोक्यात घातला. बघायला सात माणसं होती, त्यातल्या पाचांच्या हातात मोबाईल. काकी कधीच गेली, तिच्या घराला कुलूप आहे, गणपतीत उघडतं.

माझ्या मते फरक इथे पडला. राग तेवढाच आहे, कदाचित कमीच असेल. मध्ये पडणारं माणूस राहिलं नाही. पूर्वी पडवीतून म्हातारी ओरडायची, गुरव यायचा, मानकरी यायचे. २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हा समितीत बसून आम्ही बरेच बांध मिटवले. मिटवायला दोन्ही पार्ट्या गावात लागतात हो. आता एक पार्टी नालासोपाऱ्याला, आणि भांडण फॅमिली ग्रुपवर चालू. समोर असता तर तोंडातून निघाला नसता असा शब्द तिथे सहज टाईप होतो, आणि मे महिन्यात माणूस उतरतो तो वर्षभराचा हिशेब घेऊनच. हायवेच्या मोबदल्याचे पैसे आले तेव्हा सख्ख्या भावांची काय हालत झाली ते मी इथे लिहीत नाही.

पण जुनं सगळं सोनं होतं, असं मी म्हणणार नाही. वडिलांच्या वीस-बावीस वर्षांच्या वहीत बायकोला मारल्याची एकही नोंद नाही. एकही! "पाय घसरून विहिरीत" अशा मात्र तीन आहेत. तिन्ही सुना. आमच्या वाडीतल्या विहिरींना कठडे आहेत. वडील वाईट माणूस नव्हते. त्यांच्या लेखी ते घरातलं होतं. छळाचं ४९८-अ कलम १९८३ ला आलं, घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २००६ च्या ऑक्टोबरात. आता रात्री दहाला एखादी पोरगी मला फोन करते, "काका, दारू पिऊन आलेत, या." माझी वही त्यामुळे वडिलांच्या वहीपेक्षा जाड आहे. ह्याला हिंसा वाढली म्हणायचं का?

एक विचारतो ताई, राग मानू नका. तो व्हिडिओ काढला कोणी?

निवृत्त_बाई_महाड

पाटील, विहिरीचं वाचून दोन मिनिटं थांबले.

मी सदतीस वर्षं शिकवलं. पहिली पंधरा वर्षं निरगुडीची फोक टेबलावर असायची, पालक स्वतः आणून द्यायचे. "बाई, सोलून काढा." मी काढलं. एका मुलाच्या पोटरीवरचे वळ मला अजून दिसतात. तेव्हा त्याला वळण लावणं म्हणत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारणं बंद केलं. त्यावर स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठ्याने कुरकुर कुणी केली असेल, तर मीच.

आणि ज्यांना जुना काळ शांत वाटतो त्यांना आमच्या गावचं चवदार तळं दाखवावं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतची माणसं तळ्याचं पाणी प्यायली, आणि देवळात घुसणार अशी आवई उठवून जमावाने परिषदेला आलेल्यांना लाठ्यांनी मारलं. मोबाईल नव्हता, रील नव्हतं. अफवेला वेशीवरून वेशीवर जायला तेव्हाही वेळ लागला नाही.

देवगडची_आई

पाटीलकाका, तुमचा प्रश्न वाचून त्याला विचारलं. आधी "ग्रुपवर आला" म्हणाला. मग गप्प. त्यानेच काढला होता, रिक्षा स्टँडच्या कट्ट्यावर उभा राहून.

मार खाल्लेला मुलगा मच्छीमार सोसायटीमागच्या वस्तीतला निघाला. आज दुपारी दोघं जाऊन भेटून आलो. पाच टाके आहेत. त्याच्या आईने चहा दिला, तिला वाटलं आम्ही मदत करायला धावलो होतो. मी काही बोलले नाही. माझा पोरगा कपाकडे बघत बसला होता.

त्यांनी तक्रार दिली आहे. व्हिडिओचं काय करू?

पाटीलकी

डिलीट करू देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवलेला वेगळा, त्याच्या फोनमधला मूळचा वेगळा, पोलिसांना मूळचा लागेल. फोन घेऊन ठाण्यात त्याला स्वतःला जाऊ दे. तुम्ही सोबत जा, पण बोलायला त्याला लावा. सकाळी दहाच्या सुमारास गेलात तर गर्दी कमी असते.