मदत हवी आहे: तीन पदकं की एक?

नमस्कार मंडळी. आमच्या हस्तलिखितासाठी इंग्लंडमधल्या क्रोमर (नॉरफोक) लाइफबोट स्टेशनवर लेख लिहितेय आणि तिथल्या लाइफबोटीचे प्रमुख हेन्री ब्लॉग यांच्या पदकांपाशी अडकलेय.

या माणसाला आरएनएलआय या (समुद्रात संकटात सापडलेल्यांना लाइफबोटींनी वाचवणाऱ्या) ब्रिटिश संस्थेची 3 सुवर्ण आणि 4 रौप्य पदकं मिळाली. पहिलं सुवर्ण 1917 चं. जानेवारीतलं वादळ, वल्ह्यांची बोट, तरुण मंडळी लढाईवर गेलेली, म्हणून वल्ह्यांवर बरेचसे पन्नाशी ओलांडलेले. आधी एका ग्रीक जहाजावरचे 16 जण आणले. हात गळून गेले असताना त्याच दिवशी फर्नेबो या स्वीडिश जहाजासाठी पुन्हा समुद्रात! जहाज स्फोटात दुभंगलेलं; तिथून 11 जण वाचवले. पुढची सुवर्णं 1927 आणि 1941 ची. (आणि हो, ब्लॉगना पोहता येत नव्हतं म्हणे!)

आता अडचण. दुसऱ्यांदा तोच सन्मान मिळाला की नवं पदक देत नाहीत, जुन्याच्या फितीवर पट्टी (‘बार’) चढवतात. मग ‘3 सुवर्णपदकं’ लिहू की ‘सुवर्णपदक आणि 2 पट्ट्या’? सैन्यातल्या कोणी सांगाल का, आपल्याकडे ‘बार’ला मराठीत काय म्हणतात?

शिवाय 1924 चं एम्पायर गॅलंट्री मेडल (ब्रिटिश सरकारचं शौर्यपदक) नंतर बदलून ब्लॉगना जॉर्ज क्रॉस हे दुसरं शौर्यपदक मिळालं. ते एकच धरायचं ना?

शेवटचं, ‘कॉक्सवेन’ला (लाइफबोटीचं सुकाणू धरणारा प्रमुख) मी ‘तांडेल’ लिहिलंय. कोकणातल्यांना चालेल का? ‘सुकाणूधारी’ मला फारच पुस्तकी वाटतं.