आरिस्टेआसच्या पत्रावर किती विश्वास ठेवायचा?

ताम्रपट: हिब्रू तोराचं (ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या पहिल्या पाच पुस्तकांचं) पहिलं ग्रीक भाषांतर, म्हणजे सेप्टुआजिंट, इजिप्तचा ग्रीक राजा दुसरा टॉलेमी याच्या हुकमावरून झालं, असं त्याचा दरबारी आरिस्टेआस याच्या नावावरचं हे पत्र सांगतं. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा कारभारी देमेट्रिओसने सुचवलं, जेरुसलेमच्या प्रमुख याजकाने ज्यूंच्या 12 वंशांतून प्रत्येकी 6 जाणकार धाडले, अलेक्झांड्रियाजवळच्या फारोस बेटावर 72 दिवसांत काम उरकलं. माझ्या मते इतिहास म्हणून हे पत्र बाद आहे. देमेट्रिओस पहिल्या टॉलेमीच्या मर्जीतला. वारसाच्या वादात त्याने दुसऱ्या राजपुत्राची बाजू घेतली, म्हणून दुसऱ्या टॉलेमीने गादीवर येताच त्याला दूर केलं. खोल्यांत वेगवेगळं बसवूनही सगळ्यांचं भाषांतर शब्दशः जुळलं, ही भर तर नंतरच्या लेखकांची. पत्रात ते एकमेकांशी ताडून बघतात आणि मग मजकूर ठरवतात!

नीलकाठ: देमेट्रिओसचा भाग खोटा ठरला म्हणून भाषांतरामागे राजदरबार होता हे खोटं ठरत नाही. तोराची ग्रीक भाषा इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या इजिप्तच्या पपायरसांशी (लव्हाळ्याच्या कागदावरच्या लिखाणाशी) जुळते, म्हणजे काळ आणि जागा पत्राने बरोबर सांगितली. शिवाय टॉलेमींच्या राज्यात ज्यूंना आपल्या कायद्याने चालता येई. इजिप्तमधल्या हेराक्लिओपोलिस शहराच्या इ.स.पू. 144 ते 132 मधल्या पपायरसांत ज्यू अधिकाऱ्यांकडे आलेले अर्ज आहेत. अशा कारभाराला ग्रीक तोरा हवीच असणार.

ताम्रपट: कारभारासाठी असती तर वाचायला सोपी केली असती. वाक्यावाक्याला ग्रीक ‘काय’ (म्हणजे ‘आणि’), शब्दक्रम जवळजवळ हिब्रूचाच. तोरातल्या निर्गम या पुस्तकाच्या 35 ते 40 अध्यायांत तर निवासमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) वर्णनाचा क्रमच वेगळा, मजकूरही आखूड. हे प्रार्थनागृहातल्या लोकांचं काम वाटतं. अलेक्झांड्रियाजवळ स्खेदियाला तिसऱ्या टॉलेमीच्या काळातला प्रार्थनागृहाचा शिलालेख आहेच.

ओळीमधलं: दोघंही पत्राचा शेवट विसरताय. भाषांतर ज्यू समाजापुढे वाचलं जातं, आणि त्यात भर घालणाऱ्याला, फिरवणाऱ्याला, गाळणाऱ्याला शाप दिला जातो. कोणी हात लावतच नसेल तर शाप कशाला? पत्र बहुतेकांच्या मते इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं, तेव्हा ग्रीक मजकुरात दुरुस्त्या सुरू झाल्या असाव्यात. पुढे तर त्या झाल्याच: मृत समुद्राजवळच्या नहल हेव्हेरच्या गुहेत सापडलेली बारा संदेष्ट्यांची ग्रीक गुंडाळी म्हणजे हिब्रूशी जुळवून घेतलेला मजकूर आहे. भाषांतर कसं झालं यापेक्षा ते कोणाला सांभाळायचं होतं, यासाठी पत्र वाचा.

नीलकाठ: शापाचं पटलं. पण दरबाराचा मुद्दा सोडत नाही. आणि पत्र फक्त तोराबद्दल आहे, सगळ्या जुन्या कराराबद्दल नाही. बाकी पुस्तकं नंतर, वेगवेगळ्या हातांनी, कोणत्याही राजाविना झाली.