मालवणचा फोटो: चपटकृमी की न्यूडिब्रँक?

तापीकाठ, भुसावळ
राम राम मंडळी. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकावर, 8 मीटर खोलीवर हा जीव दिसला. लांबी अंदाजे 4 सेंमी, अंग पांढुरकं, कडेला नारिंगी आणि तिच्याबाहेर काळी रेघ, पुढे दोन शिंगं. न्यूडिब्रँकसारखा (कवच नसलेली समुद्री गोगलगाय) पाठीवर कल्ल्यांचा झुपका नाही, म्हणून चपटकृमी (पातळ, चपटा समुद्री किडा) म्हणावा का? टॉर्च नव्हता. नाव प्रजातीपर्यंत हवंय.

सागरगोटा, जळगाव
झुपका नाही एवढ्यावर ठरवू नका. डोरिड न्यूडिब्रँकला (पाठीवर कल्ल्यांचा झुपका असलेला गट) धक्का लागला, नुसता बुडबुड्यांचा त्रास झाला, तरी तो कल्ले आत ओढून घेतो. मग पाठीच्या मागच्या भागात फक्त एक गोल कडा उरते. फोटो मोठा करून ती शोधा. न्यूडिब्रँकमधल्याच फिलिडिया वंशाच्या जातींना तर पाठीवर कल्ले नसतातच, ते कडेखाली असतात. पण त्यांचं अंग कडक आणि चामखिळींचं, ते लगेच कळतं.

खरी खूण शिंगांत आहे. न्यूडिब्रँकची शिंगं कडेपासून आत, पाठीतून स्वतंत्र वर येतात. चपटकृमीची शिंगं म्हणजे पुढची कडच दुमडलेली. जाडीही बघा: चपटकृमी खापरावरच्या मांड्यासारखा पातळ, खालच्या खडकाचा उंचसखलपणा वरून जाणवतो.

निळीशाई, धुळे
काळ्या रेघेवर विसंबू नका भो. 8 मीटरवर तांबडा प्रकाश जवळपास संपलेला असतो, टॉर्चशिवाय लाल रेघ काळीच येते. नंतर फोनवर रंग वाढवून ती लाल केली तर तो तुमचा रंग झाला, प्राण्याचा नव्हे. मूळ फाइलच टाका.

पुढच्या वेळी टॉर्च कॅमेऱ्याला चिकटवून समोर धरू नका, बाजूने तिरका धरा. नाहीतर गढूळ पाण्यातला प्रत्येक कण चमकतो आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात. अंतर 30 सेंमीच्या आत. एक फोटो वरून, एक डोक्याचा, एक अगदी बाजूने. शेजारी पट्टी ठेवा, पण प्राणी उचलू नका, चपटकृमी हाताळताना फाटतो.

तापीकाठ, भुसावळ
मूळ फाइल मोठी करून पाहिली. शिंगं कडेचीच घडी आहे. मागे गोल कडा नाही. एका कोपऱ्यात अंग दगडाच्या खाचेत बसलेलं दिसतं.

सागरगोटा, जळगाव
मग चपटकृमी, पॉलिक्लाड गटातला. स्यूडोसेरॉस वंशाचा असू शकेल, पण स्यूडोबायसेरॉस वंशापासून तो वेगळा काढायला खालची बाजू लागते: पहिल्यात नराचं जननछिद्र एक, दुसऱ्यात दोन. वरून काढलेल्या फोटोत ते दिसणार नाही. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींची वेबसाइट) पॉलिक्लाडपर्यंतच नाव द्या. तारीख, खोली, कुठल्या खडकावर होता आणि टॉर्च नव्हता हे लिहा. रंगाची रेघ वर्णनात ‘काळी दिसली’ अशीच नोंदवा.