सहा दिवस बोटीवर राहून डायव्हिंग, बॅगेत नक्की काय काय भरू?

खारा_वारा
नमस्कार मंडळी, आत्तापर्यंत बावीस डायव्ह झालेत पण सगळे सकाळी जाऊन दुपारी किनाऱ्यावर परत असे. आता पहिल्यांदाच सहा दिवस बोटीवरच मुक्काम आहे, रोज तीन-चार डायव्ह, मधे किनारा नाहीच. बोटवाल्यांनी यादी पाठवलीय त्यात 'वैयक्तिक सामान' एवढं लिहून मोकळे झालेत. मास्क, फिन्स, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली-वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र) आणि ३ मिमी जाडीचा वेटसूट माझा आहे, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी देणारं यंत्र) आणि बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) भाड्याने घेणारे. बायको म्हणते मोठी ट्रॉली बॅग ने, मला जरा शंका आहे. आणि हो, मला गाडी लागते तशी बोटही लागते, थोडीथोडकी नाही, चांगलीच.

बुडबुडे
ट्रॉली अजिबात नको!! केबिन म्हणजे दोन बंक आणि मधे एक माणूस उभा राहील एवढी जागा, कडक बॅग ठेवणार कुठे. मऊ डफल बॅग घ्या, रिकामी केली की घडी करून गादीखाली जाते. कपडे जेवढे वाटतात त्याच्या निम्मे घ्या, दिवसभर माणूस स्विमसूट नाहीतर टॉवेलमध्येच असतो आणि चपला-बूट बहुतेक बोटींवर चढतानाच एका टोपलीत जातात. स्विमसूट मात्र दोन, कारण खाऱ्या हवेत काही म्हणजे काही वाळत नाही आणि सकाळी सहाला गार ओला कपडा अंगात चढवणं ही शिक्षा आहे.

जी जागा वाचेल तिथे बारीकसारीक स्पेअर भरा. माझ्या पहिल्या ट्रिपला दुसऱ्याच डायव्हच्या आधी मास्कचा पट्टा बकलपाशी तुटला, एवढासा रबराचा तुकडा, आणि समुद्रात दुकान थोडीच आहे. बोटीवरचा एक जुना मास्क मिळाला, तो माझ्या मिशीपाशी बसेना, पाच दिवस दर दोन मिनिटांनी नाकाने हवा सोडून पाणी काढत बसलो, मासे कमी आणि माझेच बुडबुडे जास्त बघितले. तेव्हापासून एका डबीत मास्कचा पट्टा, फिनचा पट्टा, कॉम्प्युटरची बॅटरी तिच्या ओ-रिंगसकट (पाणी अडवणारं रबरी कडं), चार-पाच झिप टाय आणि रेग्युलेटरचा तोंडात धरायचा एक माउथपीस. रेग्युलेटर भाड्याचा आहे ना, मग माउथपीस स्वतःचाच न्या, आधीच्या लोकांनी चावून त्याचे दातांत धरायचे खुंट तोडलेले असतात आणि मग तासभर जबडा आवळून धरावा लागतो. जुना झिप टाय कापायचा, माउथपीस बदलायचा, नवा टाय आवळायचा, झालं, पण आधी बोटवाल्यांना विचारून.

मीठभाकर
वरचं सगळं बरोबर, पण ३ मिमीवर मी जरा अडेन. पाणी २८ डिग्री असलं तरी दिवसाला चार डायव्ह आणि असे ओळीने सहा दिवस, शरीरातली ऊब हळूहळू जातेच, चौथ्या दिवशी मी ४० मिनिटांत कुडकुडत वर आले होते. आत घालायचं पातळ व्हेस्ट आणि हुड न्या, जागा काही खात नाहीत. नाइट डायव्हनंतर डेकवर घालायला विंडचीटर हवाच.

बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, मी डायव्हिंग करणारे हे त्यांना नक्की सांगा, आणि आधी घरी एकदा घेऊन बघा कारण काहींनी भयंकर झोप येते. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फार उपयोग नसतो, बोट निघायच्या आधीच घ्यायची. केबिन निवडता आली तर खालची आणि बोटीच्या मधली मागा, तिथे हेलकावे कमी.

आणि कान! तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोकांचे डायव्ह बहुतेक कानापायीच बुडतात. सतत ओल राहून बाहेरच्या कानाला इन्फेक्शन होतं, नुसती पाळी ओढली तरी जीव जातो. वर आलं की गोड्या पाण्याने धुवायचे, मान कलती करून पाणी काढायचं, कोरडे करायचे. कान वाळवायचे थेंब मिळतात, पण पडद्याला भोक असेल तर ते अजिबात घालायचे नाहीत. सर्दी झाली तर गोळी घेऊन दामटून खाली जाऊ नका हं, औषधाचा असर पाण्यातच उतरला तर वर येताना हवा आत अडकते आणि ते फार वाईट.

खारा_वारा
बापरे, कानाचं डोक्यातच नव्हतं. डबीचं आजच करतो. टॉर्च आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आहेत बऱ्याच, त्यांचं कसं करता?

तळ_गाठू
विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाहीत. टोकांना टेप लावा. मास्क आणि कॉम्प्युटरही हातातच ठेवा, बाकीचं हरवलं तर भाड्याने मिळतं. बोटीवर चार्जिंग सगळ्यांसमोर, ठरवून दिलेल्या जागी आणि जागेपणी करायचं, झोपताना बंकमध्ये लावून ठेवायचं नाही. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात कन्सेप्शन नावाच्या डाइव्ह बोटीला पहाटे आग लागली, खाली झोपलेले ३४ जण गेले. आग नेमकी कशाने लागली ते शेवटपर्यंत ठरलं नाही, पण रात्री पहारा नव्हता हे चौकशीत आलं. म्हणून चढल्या चढल्या बंकपासून बाहेर पडायचे दोन्ही रस्ते स्वतः चालून बघा.

अजून म्हणजे एसएमबी (पाण्यावर उभा राहणारा, लांबून दिसणारा फुगा) आणि स्पूल (त्याच्या दोरीची रीळ) स्वतःचं, करंटमध्ये लांब वर आलात तर लाटांमध्ये नुसतं डोकं कुणाला दिसत नाही. सर्टिफिकेशन कार्ड, नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) कोर्स केला असेल तर त्याचंही, नाहीतर देत नाहीत. डायव्हिंगचा विमा. आणि परतीचं विमान शेवटच्या डायव्हनंतर किमान १८ तासांनी, मी तर २४ धरतो.

खारा_वारा
परतीचं तिकीट १४ तासांवर होतं, आत्ताच बदललं. गोळी काल दुपारी घेऊन बघितली, बसल्या बसल्या तीन तास झोपलो, बायकोने फोटो काढून ठेवलाय. उद्या डॉक्टरांकडे जाऊन दुसरी विचारतो.