सात वर्षांच्या मुलीला काखेत केस, मान काळी: हृदयासाठी काय तपासायचं?

शालेय_तपासणी_गुहागर
नमस्कार. मुलगी ७ वर्षं २ महिने. चार महिन्यांपासून काखेत, जांघेत विरळ केस, घामाला मोठ्या माणसासारखा वास. स्तनांची वाढ नाही. जन्मवजन २.१ किलो, आता ३१ किलो, उंची १२४ सेंमी, कंबर ६५ सेंमी, मान काळवंडलेली. अ‍ॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडावरची, संप्रेरकं बनवणारी) लवकर जागी झाली असावी. पुढे हृदयविकार होणार, असं घरच्यांनी कुठेतरी वाचलंय. इथे काय करू, रत्नागिरीला कशासाठी पाठवू?

बालसंप्रेरक_रत्नागिरी
ताई, केसांमुळे हृदय बिघडतं असं सिद्ध झालेलं नाही. काळजी आहे ती कमी जन्मवजनाची, नंतर भराभर चढलेल्या वजनाची आणि त्यामुळे इन्शुलिनला दाद न देणाऱ्या शरीराची. काळी मान ही त्याचीच खूण. तो मळ नव्हे, घासून कातडी सोलू नका असं आईला आवर्जून सांगा. कंबर भागिले उंची ०.५२ येते, ०.५ च्या आत हवी.

मुलींत ८ आणि मुलग्यांत ९ वर्षांआधी असे केस आले की आधी इतर कारणं बाजूला काढायची. रक्तातली संप्रेरकं १७-ओएच प्रोजेस्टेरॉन, डीएचईएएस, टेस्टोस्टेरॉन आणि हाडांचं वय बघायला डाव्या मनगटाचा एक्स-रे. रक्त सकाळी ८ च्या सुमारासच. गुहागरहून एसटीने येऊन ११ वाजता दिलेल्या रक्ताचा उपयोग नाही: १७-ओएच दिवस चढेल तसं उतरतं आणि जन्मजात अ‍ॅड्रिनल दोष नजरेतून सुटतो. आदल्या रात्री मुक्कामाला या, नाहीतर तिथेच रक्त घेऊन सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) वेगळं करून थंड पेटीतून पाठवा. १७-ओएच २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं तर सिनॅक्थेन चाचणी, म्हणजे ग्रंथीला चेतवणारं इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त तपासणं. बायोटिनच्या (केसा-नखांसाठीच्या जीवनसत्त्वाच्या) गोळ्या चालू असतील तर किमान २ दिवस आधी बंद, नाहीतर काही यंत्रांवर डीएचईएएस खोटं चढं दिसतं.

आवाज घोगरा झाला, क्लिटोरिस मोठं दिसलं, केस आठवड्यांत झपाट्याने वाढले, तर गाठीची शंका घेऊन लगेच पाठवा. घरात कुणी टेस्टोस्टेरॉनचं जेल लावतं का, हेही विचारा.

रक्तदाब_सावंतवाडी
दाब मोजल्याशिवाय पाठवू नका. मूल ५ मिनिटं पाठ टेकून बसलेलं, पाय जमिनीवर, उजवा दंड हृदयाच्या पातळीत. कफच्या आतली पिशवी दंडाच्या घेराच्या ४० टक्के रुंद हवी. घेर १८ सेंमी असेल तर साधारण ७ सेंमी. मोठ्यांचा कफ गुंडाळला की दाब कमी दिसतो, आणि खरा वाढलेला दाब हुकतो. लहान कफने उलटं. ७ व्या वर्षी १०६/६८ किंवा त्यावर आला तर वय, लिंग, उंचीच्या तक्त्यात बघा. ९५ व्या शतमानावर (तशाच शंभरातल्या ९५ मुलांपेक्षा जास्त) तीन वेगवेगळ्या दिवशी आला तरच उच्च रक्तदाब म्हणा.

उपाशीपोटी साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) त्याच सकाळच्या रक्तात होतील, दुसरी सुई नको. या वयात त्यातलं ट्रायग्लिसराइड १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर म्हणजे जास्त.

आहार_मालवण
वजन उतरवायचं नाही, थोपवायचं. वर्षभर ३१ किलोवर राहिली आणि उंची १३० झाली, तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २० वरून सुमारे १८ वर येतो.

पेज, कुळथाची पिठी, माशाचं सार खुशाल द्या. तोडायचं ते बाटलीतलं कोकम सिरप, बेकरीची खारी, चहातली साखर. आमसुलं भिजवून बिनसाखरेचं सरबत करावं. सुकट, खारा बांगडा यांत मीठ फार. कोमट पाण्यात भिजवून दोनदा पाणी बदला, तरीही रोज नको. रोज तासभर धावणं, खेळणं हवंच.

शालेय_तपासणी_गुहागर
आभारी आहे. पाळी लांबवण्याचं महिन्याचं इंजेक्शन सुरू करावं, असं कुणी तरी घरच्यांना सुचवलंय.

बालसंप्रेरक_रत्नागिरी
नको. ते इंजेक्शन मेंदूकडून अंडाशयाला जाणारा हुकूम थांबवतं. इथे अंडाशय झोपलेलंच आहे आणि अ‍ॅड्रिनल तो हुकूम ऐकत नाही. उंची, स्तन, कंबर, दाब दर ६ महिन्यांनी. ८ वर्षांआधी स्तनांत गाठ लागली किंवा उंची एकदम सुटली, तर पुन्हा पाठवा.