मीटरमधल्या छुप्या मेनूत इंजिनचं तापमान दिसतं का? जॅममध्ये एसी गरम हवा मारतो

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी,

गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक. मीटरमध्ये टेंपरेचरचा काटाच नाही. इंजिन थंड असेल तर निळा दिवा, फार तापलं तर लाल, मधलं काहीच कळत नाही.

रोजचा रस्ता कासारवडवली ते महापे. घोडबंदर रोडने माजिवडा, मग कळवा पूल, विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रोड. कापूरबावडीच्या अलीकडे गाड्या तुंबल्या की एसी आधी कोमट होतो, मग सरळ गरम हवा. ऐरोलीनंतर रस्ता मोकळा मिळाला की आपोआप गार. मागच्या आठवड्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाशी अडकलो तेव्हा लाल दिवा एकदा लागला आणि गाडी हलल्यावर विझला. आई सोबत होती, तिला उकाडा अजिबात सोसत नाही. म्हणून हे मला लवकर मिटवायचंय.

वर्कशॉपमध्ये दाखवली. रेडिएटर बदला, वॉटर पंप बदला, कंप्रेसरचंही बघावं लागेल, असं सांगितलं. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला का विचारलं, तर "चेक इंजिनचा दिवा नाही, मग स्कॅन कशाला?" कूलंटची पातळी बरोबर आहे, खाली कुठे थेंब नाही. नुसत्या अंदाजावर एवढा खर्च करायला मन धजत नाही.

ऑफिसातल्या एकाने सांगितलं की ट्रिपचं बटण दाबून धरून चावी फिरवली की छुपा मेनू उघडतो आणि तापमान आकड्यात दिसतं. माझ्या गाडीत फक्त ट्रिप शून्यावर येते. काही वेगळी रीत आहे का? आणि त्या मेनूत शिरून काही बिघडण्याची भीती आहे का?

नेरूळ_जुन्या_गाड्या

रीत प्रत्येक कंपनीची निराळी असते, आणि पुष्कळ गाड्यांत असा मेनूच नसतो.

मला नक्की माहीत असलेल्या दोन सांगतो. फोर्डच्या बऱ्याच मॉडेलांत ट्रिपचं बटण दाबून ठेवून इग्निशन ऑन करायचं. पडद्यावर 'टेस्ट' आलं की बटण सोडायचं, मग प्रत्येक दाबाला पुढचं पान. सगळे काटे एकदा टोकापर्यंत जाऊन येतात, सगळे दिवे लागतात, पुढे कच्चे आकडे येतात. दुसरी माझी आवडती, बीएमडब्ल्यूची जुनी ई३९. तिच्या कॉम्प्युटरमधल्या बहुतेक चाचण्या कुलपात असतात. चेसिस नंबरच्या शेवटच्या पाच आकड्यांची बेरीज करायची, टेस्ट १९वर जाऊन ती बेरीज आली की बटण दाबायचं, कुलूप उघडतं. सातव्या टेस्टमध्ये कूलंटचं खरं तापमान. त्या गाडीत काटा असूनही लोक हा मेनू उघडतात, कारण काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. इंजिन बरंच तापेपर्यंत तो जागचा हलतच नाही.

तुमच्या गाडीत ट्रिप शून्य होत असेल तर बटणांचे प्रयोग थांबवा आणि ओबीडी पोर्टकडे वळा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायच्या सॉकेटकडे.

वायरिंगवाला_वागळे

कासारवडवलीकर, वागळे इस्टेटमध्ये गाड्यांच्या वायरिंगची कामं करण्यात माझं आयुष्य गेलं. तुमचं वर्णन वाचून हात शिवशिवले, म्हणून जरा मोठं लिहितो.

आधी तुमचंच वाक्य पुन्हा वाचा. उभी राहिली की तापते, पळाली की गार होते. ही माहिती कुठल्याही मेनूपेक्षा मोठी आहे. रेडिएटर आतून चोंदला असता किंवा पंप पाणी ढकलत नसता, तर गाडी चढावर आणि वेगात तापली असती, कारण तेव्हा इंजिन सर्वांत जास्त उष्णता टाकतं. तुमच्याकडे उलटं आहे. वेगात समोरून वारा आयता मिळतो, उभ्या गाडीला तो फॅनने ओढावा लागतो. त्यामुळे माझा पहिला संशय फॅनवर.

एसीचीही तीच गोष्ट. एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसलेला असतो आणि वारा त्याच फॅनचा. फॅन फिरला नाही की गॅसचा दाब चढतो, प्रेशर सेन्सर ते कळवतो आणि कॉम्प्युटर कंप्रेसर कट करतो. कंप्रेसर बिचारा निर्दोष असण्याची शक्यता भरपूर आहे.

आता तापमान. भारतात एप्रिल २०१३पासून बीएस-४ (प्रदूषणाचा निकष) गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, म्हणजे तुमच्या २०१४च्या गाडीत सोळा पिनांचा सॉकेट असणारच. स्टिअरिंगखाली वाकून बघा, फ्यूज बॉक्सच्या आसपास सापडेल. त्यात ब्लूटूथचा छोटा डोंगल लावा, फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप घ्या. आयफोन असेल तर वायफायचा किंवा ब्लूटूथ एलईचा डोंगल बघून घ्या, साधा जुना ब्लूटूथ त्याला चालत नाही.

पहिलं वाचन सकाळी गाडी चालू करण्याआधी घ्या, नुसतं इग्निशन ऑन. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे. एक ३० आणि दुसरं ५० दाखवत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय, मग पुढच्या आकड्यांना अर्थ नाही. ही चाचणी फुकट आहे आणि कोणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मग एसी बंद ठेवून सोसायटीच्या आवारात गाडी आयडलवर उभी करा आणि आकडा बघत बसा. ऐंशीच्या घरात थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे कूलंट सोडणारा व्हॉल्व्ह, उघडतो. नव्वदी ओलांडून साधारण ९५ ते १००च्या दरम्यान फॅन सुरू व्हायला हवा, आकडा खाली यावा, फॅन बंद व्हावा, पुन्हा तेच चक्र. १०० दिसलं म्हणून घाबरू नका, कूलंट दाबाखाली असतं, ते तिथे उकळत नाही. पण १०५च्या पुढे जाऊनही फॅन गप्प असेल तर गाडी बंद करा.

शेवटची गोष्ट तुमच्या डोंगलने बहुधा होणार नाही. मोठ्या स्कॅनरमध्ये ॲक्चुएटर टेस्ट असते. स्कॅनरवरून हुकूम दिला की कॉम्प्युटर स्वतः फॅनचा रिले (फॅनला करंट देणारा विजेचा स्विच) ओढतो, इंजिन गार असतानाही. खरी छुपी सोय ती. रिलेचा टक आवाज आला आणि फॅन फिरला नाही, तर बिघाड रिलेच्या पुढे. आवाजच आला नाही तर मागे. दहा मिनिटांचं काम, आणि त्याआधी कोणी रेडिएटर खोलत असेल तर खोलू देऊ नका.

बिघडण्याची भीती विचारलीत. वाचण्यात काही नाही, वाचा मनसोक्त. कोडिंग, ॲडाप्टेशन, प्रोग्रॅमिंग असे शब्द दिसले तर त्या पानातून बाहेर या. तिथे लिहिलं जातं, आणि लिहिताना बॅटरी उतरली तर कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, निकामी होऊ शकतं.

मृण्मयी_सानपाडा

काकांनी यांत्रिक बाजू इतकी नीट सांगितलीय की मी फक्त आकड्यांबद्दल भर घालते. माझं काम एम्बेडेड सॉफ्टवेअरचं, म्हणजे यंत्रांच्या आतल्या छोट्या कॉम्प्युटरांचं.

ॲप काय करतं ते कळलं की त्याच्यावर विश्वास ठेवणं सोपं जातं. ते गाडीला '०१ ०५' विचारतं. ०१ म्हणजे चालू आकडे, ०५ म्हणजे कूलंट. गाडी समजा '४१ ०५ ७बी' असं उत्तर देते. हेक्समधला (सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीतला) ७बी म्हणजे १२३, त्यातून ४० वजा केले की ८३ अंश. शून्याखालचं तापमानही एका बाइटमध्ये बसावं म्हणून ही चाळिसाची वजावट. ॲपवरच्या आकड्याबद्दल शंका आली तर ॲपमधलं टर्मिनल (हुकूम टाइप करायचं पान) उघडून हे स्वतः करून बघा.

आणि डोंगल लावून ठेवू नका. सोळाव्या पिनला बॅटरीचा करंट कायम असतो, गाडी बंद असली तरी. स्वस्त डोंगल झोपत नाहीत, आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरवू शकतात. शिवाय कितीतरी डोंगलांचा ब्लूटूथ पिन १२३४ असतो, म्हणजे पार्किंगमधला कोणीही जोडला जाऊ शकतो.

कासारवडवलीकर

काका, ताई, मनापासून आभार. सगळं करून आलो.

सकाळी कूलंट २९, हवा ३०, म्हणजे सेन्सर खरा. आयडलवर आकडा ८८पर्यंत भरभर चढला, तिथे थोडा रेंगाळला, मग सावकाश ९५, ९९, १०३. फॅन हललाच नाही. १०६ला गाडी बंद केली. एसी लावूनही फॅन सुरू होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मानपाड्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याच्या स्कॅनरमध्ये माझ्या गाडीची ॲक्चुएटर टेस्ट नव्हती, म्हणून त्याने कूलंट सेन्सरचा प्लग काढला. म्हणाला, तापमान कळेनासं झालं की कॉम्प्युटर खबरदारी म्हणून फॅन लावतो. रिले टकटकला, फॅन गप्प. फॅनच्या प्लगवर टेस्ट लॅम्प लावला तर लख्ख पेटला. मग त्याने लाकडी दांड्याने मोटरला हलकेच ठोकलं आणि फॅन धावायला लागला! मोटरचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत म्हणाला. कधी फिरायचा, कधी नाही, म्हणूनच लाल दिवा एकदाच लागला असणार. नवी मोटर बसवली. रेडिएटर, पंप, कंप्रेसर कशालाही हात लावावा लागला नाही. काल कापूरबावडीला भर दुपारी एसी लावून रांगेत उभा होतो, आकडा ९३ ते ९८मध्ये खालीवर. आईला फोन करून सांगितलं, रविवारी बेलापूरला मावशीकडे न्यायचं ठरलंय.

एक शंका राहिली. प्लग काढल्यामुळे चेक इंजिनचा दिवा लागला, ॲपमध्ये पी०११८ हा बिघाडाचा कोड दिसतोय. ॲपवरूनच पुसू का?

वायरिंगवाला_वागळे

झकास! त्या इलेक्ट्रिशियनला माझा नमस्कार सांगा, डोकं वापरून काम केलंय त्याने.

पी०११८ म्हणजे कूलंट सेन्सरच्या सर्किटचा व्होल्टेज जास्त, प्लग काढल्यावर हेच यायचं. पुसायला हरकत नाही. फक्त आधी प्लग नीट बसून खटका लागलाय ना ते बघा, आणि ॲपच्या पानाचा फोटो काढून ठेवा. पुसताना कोडसोबत फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे कोड आला त्या क्षणाचे आकडे, आणि कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यापासून सुरू होतात. त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचं साधं ड्रायव्हिंग लागतं. तेवढ्यात कोणी स्कॅनर लावला तर चाचण्या अपूर्ण दिसतील, त्याला कारण सांगा. इंजिन बंद, इग्निशन ऑन, मग पुसा.

बोनेट उघडलंत तर हात फॅनपासून लांब ठेवा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो अचानक सुरू होतो, आणि आता तुमचा तर नवा कोरा आहे.